बुजवलेली खिडकी

मोगलाईतल्या धावडा गावात झुंबरबाईच्या काढ्याला तोड नव्हती. थंडी पडली की सगळं गाव खोकत तिच्याच दारी. बाई खोलीची एकुलती खिडकी शेणामातीनं बुजवायची, दार लोटायची, मधे शेगडी पेटवायची अन् वीस-वीस माणसं मांडीला मांडी लावून बसवायची. घाम फुटल्याबिगर उठायचं न्हाई, असा दंडक. एवढा मान पाटलिणीलाही नव्हता!

मंग चांदपाशा विणकराची बायको जुबेदा लग्न होऊन गावात आली. तिचा भाऊ दवाखान्यात कंपाउंडर. चांदपाशाच्या घरात आठ माणसं, पण हिवाळाभर काढ्याला एक येईल तर शपथ! नदीवर बायका म्हणू लागल्या, "जुबेदाच्या हाताला गुण हाये बाई." झुंबरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोला, देवापुढं दिवा लावताना ती रोज मागायची, त्या घरात एकदा तरी कुणी खोकू दे.

खोकली ती तिचीच नात, पुष्पा. तीन दिवस पोरगी त्याच खोलीत, त्याच गर्दीत पडून. काढा झाला, शेक झाला, पण धाप वाढतच गेली. ऐकलं तशी जुबेदा आपणहून आली.

"मावशी, खिडकी फोडा. हे सगळे खोकून राह्यले, तोच श्वास पोरीच्या छातीत जाऊन राह्यला. आमच्यात पडसं झालं की त्याची बाज अलग, अन् खिडकी थंडीतबी उघडी."

"थंडीनं मारू का माझी नात? आली मोठी शहाणी!"

जुबेदा निघून गेली. पुष्पाचे ओठ काळेनिळे पडत चालले होते. झुंबरबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा खोकणाऱ्या वीस माणसांकडं. जुबेदाचं खरं होतं, अन् तेच तर काळजात सलत होतं. तिनं खुरपं उचललं, खिडकी फोडली अन् ओरडली, "उठा सगळे! उन्हात बसा अंगणात!"

सहाव्या दिवशी पुष्पानं भाकर मागितली.

नदीवर झुंबरबाई तोऱ्यात म्हणाली, "खिडकी उघडायचं माझ्याच डोक्यात आलं बरं का." जुबेदा शेजारीच धुणं पिळत होती. झुंबरबाई पदर खोचून भांडणाला तयारच होती.

"बराबर हाये," जुबेदा बायकांना म्हणाली. "मावशीमुळंच पोरगी वाचली."

झुंबरबाईनं खोचलेला पदर सोडला. आता काय हिच्या मोठ्या मनाचाबी हेवा करायचा!