टांपेरेकर चाचा

सौदीतल्या अबकैकच्या वाळूत, तापमान अठ्ठेचाळीस असताना, डोक्यावर हेल्मेट आणि पायांत सेफ्टी बूट घातलेला माणूस फिनलंडमधल्या दोन तळ्यांच्या पाण्याच्या पातळीत किती फरक आहे हे सांगू लागला, तर ऐकणारा पहिल्यांदा त्याला सावलीत नेतो. मीही नेलं होतं. पाण्याची बाटलीही पुढे केली. चाचांनी ती घेतली, शांतपणे दोन घोट घेतले आणि म्हणाले, "अठरा मीटर. तू मध्येच तोडलंस."

चाचांचं खरं आडनाव हर्णेकर. दापोलीजवळच्या हर्णैचे. सौदीत सत्तावीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची बरीचशी आमच्या कंत्राटदार कंपनीत. अबकैकच्या तेलाच्या प्लँटमधल्या हजारो पाइपांची ड्रॉइंग सांभाळणं हे त्यांचं काम. कुठलाही कागद मागा, चाचा उठायचेदेखील नाहीत. "तिसरं कपाट, खालून दुसरा खण" एवढंच म्हणायचे. मी कराडहून नुकताच आलेला इंजिनिअर. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडून मराठी ऐकली आणि त्यांच्या बिनखिडकीच्या ड्रॉइंग ऑफिसात सुलेमानी चहा प्यायला जाऊन बसू लागलो. कोकणात गावावरून आडनाव पडतं, त्यात नवल नाही. पण कधी न पाहिलेल्या गावावरून आडनाव बदललेला माणूस मी तो एकच पाहिला. अख्ख्या मेसमध्ये त्यांना हर्णेकर कुणी म्हणतच नसे. ते टांपेरेकर चाचा.

मेसमध्ये त्यांच्या शेजारी बसणं धोक्याचं होतं. जेवता जेवता ते टांपेरे मांडायला घेत. एक वाटी उपड्या ग्लासावर, दुसरी टेबलावर, मध्ये खुबूसची, म्हणजे अरबी रोटीची, गुंडाळी. "ही वरची न्यासियार्वी. ही खालची प्यूहायार्वी. यार्वी म्हणजे तळं. आणि हा मधला डोंगर. डोंगर तरी कसला, हिमयुगातलं बर्फ वितळलं तेव्हा मागे राहिलेला वाळू-गोट्यांचा बांध. आता वरच्या तळ्यातलं पाणी खाली कसं जाणार?" असं म्हणून त्यांनी एकदा वरची वाटी हळूच कलती केली. डाळीनं खुबूसला वळसा घातला आणि ती सरळ माझ्या पँटवर आली. "बघ!" चाचा आनंदानं ओरडले. "इथंच! इथंच गाव वसलं!"

इतिहास ते सांगायचे तो घरातल्या भाऊबंदकीसारखा. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या ताब्यात. स्वीडनचा राजा आला, पाण्याचा जोर पाहिला आणि म्हणाला, इथं शहर करा. पुढे मुलूख रशियाच्या झारकडे गेला. झारनं जकात माफ केली. मग स्कॉटलंडहून एक माणूस आला आणि त्यानं त्या धबधब्याच्या जोरावर कापसाची गिरणी काढली. गिरणी वाढता वाढता एवढी झाली, की त्या सगळ्या उत्तरेकडच्या देशांत विजेचा पहिला दिवा तिथं लागला. "म्हणजे फिनलंडचं इचलकरंजी म्हणा ना," मी एकदा म्हणालो. चाचा विचारात पडले. मग म्हणाले, "चालेल. पण इचलकरंजीला दोन तळी कुठायत?"

हे खूळ त्यांना लागलं ते त्यांच्या धाकट्या मुलीपायी. नाझनीन रत्नागिरीत इंजिनिअरिंग शिकली होती आणि पाण्याच्या शुद्धीकरणात पुढचं शिक्षण घ्यायला तिला टांपेरेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. तिनं फोन केला. चाचांनी ऐकलं आणि "नाही" म्हणून टाकलं. पोरगी रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ठीक आहे, अब्बा. पण टांपेरे कुठे आहे, तेवढं सांगा."

चाचांना ते जर्मनीत वाटत होतं.

"लाज वाटली रे," ते मला सांगायचे. "उभा जन्म नकाशे सांभाळण्यात गेला आणि पोरीनं नेमकं तिथंच धरलं. मग म्हटलं, मला एक महिना दे. मी त्या गावाचा सगळा अभ्यास करतो आणि मग तुला कारणांसकट नाही सांगतो."

एका रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीमागे त्यांनी कारणं लिहायला घेतली. ती यादी मी स्वतः पाहिली आहे. पहिलं कारण: डिसेंबरात दिवस जेमतेम पाच-सहा तासांचा. दोन दिवसांनी त्यावर काट मारलेली आणि शेजारी बारीक अक्षरात: "जूनमध्ये रात्र जवळजवळ नाहीच. हिशेब फिटला." दुसरं कारण: तिथली लोकं रक्त घालून केलेलं काळं सॉसेज खातात. हे कळल्यावर त्यांनी विजयी मुद्रेनं नाझनीनला फोन लावला. ती म्हणाली, "मी मासे खाईन ना, अब्बा." चाचा फोन ठेवून माझ्याकडे वळले. "तळ्यातला मासा! हर्णैच्या बंदरावर वाढलेली पोर गोड्या पाण्यातला मासा खाणार. खाऊ दे. शिक्षा पुरेशी आहे." आणि काट मारली. तिसरं कारण सौनाचं. तिथं माणसं एका तापलेल्या लाकडी खोलीत घाम गाळत बसतात आणि त्यात त्यांना मोठा अभिमान, हे वाचून ते बराच वेळ हसत होते. "अरे, त्यासाठी खोली कशाला बांधायची? अबकैकला या म्हणावं. पुरी भट्टी फुकट."

चौथं कारण मात्र बरेच दिवस तसंच होतं. शंभर वर्षांपूर्वी त्या गावात यादवी झाली होती. लाल आणि पांढरे, एकाच देशाची माणसं, गल्लीगल्लीत लढली. ते सांगताना चाचांचा आवाज खाली येई. "गाव जळलं रे. किती मेले. आणि मग त्याच गल्ल्या परत बांधल्या त्यांनी. आता तिथं आया बाबागाड्या फिरवतात." एक दिवस मी पाहिलं तर त्यावरही काट होती.

महिना संपत आला तेव्हा एक भानगड झाली. चाचांनी मोठी ड्रॉइंग छापायच्या प्लॉटरवर टांपेरेचा चादरीएवढा नकाशा छापला आणि नेमके आमचे सौदी साहेब आत आले. त्यांना सगळे अबू फहद म्हणत. माणूस कामाला कडक. टेबलावर पसरलेलं भलंमोठं ड्रॉइंग पाहून ते थांबले. "हे कुठलं युनिट?"

चाचा खोटं बोलणारे नव्हते, पण घाबरलेले होते. "दोन टाक्या आहेत, साहेब," ते हिंदी-अरबी-इंग्रजीच्या खिचडीत म्हणाले. "एक वर, एक खाली. पाणी आपसूक उतरतं. फरक अठरा मीटर."

अबू फहद खरोखरच वाकले. चष्मा वर केला, वरच्या टाकीपासून खालच्या टाकीपर्यंत बोट फिरवलं आणि गंभीरपणे विचारलं, "व्हॉल्व्ह कुठाय?"

मला हसू आवरेना. ते पाहून साहेबांनी चाचांकडे रोखून पाहिलं आणि चाचांनी सगळं सांगून टाकलं. मुलगी, शिष्यवृत्ती, यादी, काटाकाट. अबू फहद खुर्ची ओढून बसले. त्यांची स्वतःची मुलगी दोन वर्षांपासून कॅनडात शिकत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आधी सहा महिने तेही नाही म्हणत होते. "या इस्माईल," ते अरबी पद्धतीनं चाचांना नावानं हाक मारून म्हणाले, "ज्या बापाला जाऊ द्यायचं नसतं, तो नकाशा छापत नाही." उठताना त्यांनी नकाशाची नीट गुंडाळी केली, चाचांच्या हातात दिली आणि दारात वळून म्हणाले, "पुढच्या वेळी ए-फोरवर छाप. खलास."

तरी घरचा मोर्चा उरला होताच. त्या शुक्रवारी हर्णैहून व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर चाची, नाझनीन आणि चाचींचे मोठे भाऊ. चाचांनी मला मुद्दाम बोलावून शेजारी बसवलं होतं, धीर यावा म्हणून. मामूंनी सुरुवातच केली, "कसलं ते गाव! बर्फ आणि चार झाडं. ना इतिहास, ना काही."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"इतिहास नाही?" ते म्हणाले आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. राजा, झार, गिरणी, दिवा, तळी, बांध, बांधावरचा मनोरा आणि मनोऱ्याखाली मिळणारे गरम डोनटसुद्धा. "प्यूहायार्वीचा अर्थ माहीत आहे का? पवित्र तळं! आणि तुम्ही म्हणता चार झाडं!" चाची तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, मग पोरीला जायचंय की तुम्हाला?"

चाचा थबकले. आपण कुठल्या बाजूनं बोलतोय हे बहुधा तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. "तिला," ते हळूच म्हणाले. "तिला जाऊ दे."

नाझनीन ऑगस्टमध्ये निघाली. तिला मुंबईच्या विमानतळावर सोडायला जायचं चाचांनी ठरवलं होतं; पण तेव्हाच दुरुस्तीसाठी प्लँटचं शटडाउन लागलं आणि कुणालाच रजा मिळेना. अबू फहदनी वरपर्यंत खटपट केली, जमलं नाही. ते दोन दिवस चाचा सारखे विमानांच्या वेळा बघत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघंजण ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि फोन वाजला. नाझनीन हेलसिंकीहून आगगाडीनं टांपेरेच्या स्टेशनात उतरली होती. आवाज रडवेला. तिला न्यायला येणारी विद्यार्थिनी आली नव्हती, निरोप होता की पुलापाशी ये. आजूबाजूच्या पाट्या वाचता येईनात.

चाचा उभे राहिले. नकाशा भिंतीवर होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले.

"स्टेशनच्या दारातून बाहेर पड. समोर मोठा सरळ रस्ता दिसतोय? धर तो. कुठंही वळू नकोस. बॅग जड आहे का? मग सावकाश. घाई नाही."

दहा मिनिटं ते तिच्याबरोबर चालत होते. खरोखर चालत होते. कपाटापासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत. आम्ही पाय आखडून घेतले. मध्येच ते विचारत, "दम लागला का?" आणि मग एकाएकी थांबले. "आता पूल आला पाहिजे. मोठे पुतळे आहेत का? चार? उजवीकडे बघ. लाल विटांच्या गिरण्या?"

"हो, अब्बा."

"पाणी उजवीकडून डावीकडे वाहतंय का?"

फोनवर बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "हो."

"मग बरोबर आहे. पोचलीस तू."

त्यांनी तिला फोन कठड्याबाहेर धरायला सांगितला आणि आपला स्पीकरवर टाकला. अबकैकच्या त्या बंद खोलीत, एसीच्या घरघरीवर, आम्ही चौघांनी त्या नदीचा खळखळाट ऐकला. चाचांनी हेल्मेट डोक्यावर घातलं आणि भर दुपारी उगाचच बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

पुढच्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. टांपेरेत सूर्य मावळायचं नाव घेईना. तिथल्या मशिदीत विचारून नाझनीन मक्केच्या वेळेप्रमाणे रोजा सोडू लागली. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आणि आमचं घड्याळ एकच चालतं, हा शोध चाचांनी सगळ्या मेसला ऐकवला. पण मक्केत सूर्य आमच्यापेक्षा अर्ध्या तासानं उशिरा मावळतो. तेव्हा अबकैकची अजान झाली की चाचा एक खजूर तोंडात टाकायचे, नमाज पढून यायचे आणि भजी, फळं, सरबत पुढ्यात घेऊन नुसते बसून राहायचे. आम्ही बोलावलं तर म्हणायचे, "तुम्ही सुरू करा. आमच्याकडे अजून ऊन आहे." मग फोन वाजायचा आणि ते पहिला घास घ्यायचे.

दोन वर्षांनी नाझनीनला तिथंच नोकरी लागली. चाचांनी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जमा करून कायमची फायनल एक्झिट घेतली. दम्मामच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो, तर सामानात एक चटई, चाचींसाठी अत्तर आणि अबू फहदनी स्वतः आणून दिलेला दहा किलो खजूर. "या इस्माईल, तू गेल्यावर मला कागद कोण शोधून देणार?" असं साहेब म्हणाल्याचं चाचांनी मला तीनदा सांगितलं.

त्यानंतरच्या जूनमध्ये ते आणि चाची टांपेरेला जाऊन आले. तिथून त्यांचा एक लांबलचक व्हॉइस मेसेज आला. आवाज इतका उत्साहित, की आधी मला वाटलं काहीतरी लॉटरीच लागली.

"अरे इंजिनिअर, मी चुकलो! एकटाच फिरायला निघालो, सगळं पाठ होतं ना. पण रस्ते खणून ट्राम घातलीय त्यांनी, झाडं केवढी वाढलीत, नकाशात झाडं कुठं असतात! एक म्हातारी भेटली. तिला इंग्रजी येईना, मला तिचं काही कळेना. तिनं माझी बाही धरली आणि तळ्यावर नेऊन बसवलं. थर्मासमधली कॉफी दिली. तासभर ती काहीतरी सांगत होती आणि मी 'हो, हो' म्हणत होतो. मग नाझनीन शोधत आली आणि जाम ओरडली मला. भर रस्त्यात! मी पोरीचा हात धरून घरी गेलो."

आता चाचा हर्णैत असतात. मी अजून इथंच आहे. महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो. गेल्या वेळी माझ्यासोबत कंपनीत नवा आलेला एक पुण्याचा मुलगा बसला होता. त्याला चाचांची कीर्ती सांगून मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, "चाचा, याला जरा टांपेरेचा इतिहास-भूगोल सांगा."

पलीकडून समुद्राचा वारा ऐकू येत होता.

"कसला इतिहास," चाचा म्हणाले. "माझी पोर राहते तिथं."