कंसातली चार वर्षं

काकूंना काहीही विचारलं की आधी त्यांचा डावा पंजा वर जायचा, चौकातल्या पोलिसासारखा. "थांब. कोण म्हणजे नेमकं कोण?" एकदा मी नुसतं म्हटलं, "काकू, शनिवारी जोशींकडे पॉटलक आहे, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचाय." तर म्हणाल्या, "मॉरिसव्हिलमध्ये अकरा जोशी आहेत. त्यातले दोन एकाच रस्त्यावर."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. वैताग येतो, पण त्याच्यावाचून पान हलत नाही. काकू मूळच्या कोल्हापूरच्या, इथे अमेरिकेत आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॅटलॉगर. कुठलं पुस्तक, कुठलं पत्र कुठल्या नावाखाली शोधलं म्हणजे सापडेल, हे ठरवणं त्यांचं काम. मी नागपूरचा, त्याच ग्रंथालयाची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळतो.

घोळ मी घातला. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की त्या एकत्र करायच्या, असा प्रोग्रॅम मी लिहिला आणि खुशीत घरी गेलो. आमच्याकडे 'पोलिश लीजन' नावाच्या दोन नोंदी होत्या. एक नेपोलियनच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैनिकांची. दुसरी शंभरेक वर्षांनंतरची, पहिल्या महायुद्धात स्वतंत्र पोलंडसाठी उभ्या राहिलेल्या पलटणींची. माझ्या प्रोग्रॅमने दोन्हींची मोट बांधली.

काही दिवसांनी पंच्याऐंशीच्या घरातल्या एक पोलिश बाई काठी टेकत आल्या. आजोबांची महायुद्धातली पत्रं त्यांनी आम्हाला दिली होती. ती आता नेपोलियनच्या काळात जाऊन बसली होती. "तेव्हा आजोबांचा जन्मसुद्धा झाला नव्हता," बाई शांतपणे म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू रागावल्या नाहीत. "उद्या कोणी 'मराठा फौज' म्हणून पानिपतावरचे आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले एकाच पेटीत कोंबले, तर चालेल का रे तुला?"

"नाही, काकू."

"मग अनडू कर, आणि चहा घे."

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. आमच्या साहेबांना या निमित्ताने साफसफाईचा उत्साह आला. "या पलटणींचा गणवेश ऑस्ट्रियाचा, पगार ऑस्ट्रियाचा. 'ऑस्ट्रियन सैन्य' लिहून टाका," ते म्हणाले. हे कळल्यावर बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या आजोबांनी ऑस्ट्रियाचा साथीदार असलेल्या जर्मन सम्राटाशी इमान राखायची शपथ नाकारली होती आणि त्यापायी कैद भोगली होती. त्यांना परक्याचा शिपाई ठरवायचं? काकूंचा पंजा वर गेला, तो काही महिने खाली आलाच नाही.

दर गुरुवारी लंचला काकू थालीपिठाचा डबा घेऊन बाईंशेजारी बसायच्या. बाई एकेक पत्र इंग्रजीत वाचून दाखवायच्या आणि काकूंचा प्रश्न एकच, "ते स्वतःला काय म्हणवत होते?" पहिल्या पत्रापासून कैदेतल्या शेवटच्या पत्रापर्यंत उत्तर एकच होतं. लीजन.

"मग तेच नाव ठेवायचं आणि पुढे कंसात वर्षं, १९१४ ते १९१८," काकू म्हणाल्या. "गल्लत नको, आणि खोटंही नको."

नोंदींची नावं मंजूर करणाऱ्या समितीने दोनदा नकार दिला. "एवढं कोण शोधणार आहे?" कोणीतरी विचारलं. "ती शोधणार आहे. एक माणूस पुरे," काकू म्हणाल्या.

तोवर त्यांची केमोथेरपी सुरू झाली होती. डोक्याला स्कार्फ बांधून त्या घरून झूमवर यायच्या आणि मुद्दा तिथूनच पुन्हा मांडायच्या. मी म्हटलं, "काकू, जाऊ द्या ना यार. रेस्ट घ्या."

"यार कोणाला म्हणतोस? चौदा नंबरचं पत्र स्कॅन करून पाठव, लगेच."

मी पाठवलं. माझा फार जीव होता त्यांच्यावर, आणि हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.

काकू फेब्रुवारीत गेल्या. समितीने नाव मान्य केलं ते मार्चमध्ये.

बाई आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर ते नाव टाइप केलं, कंसासकट. स्क्रीनवर त्यांच्या आजोबांची पत्रं आली, आपल्या माणसांत. बाईंनी स्क्रीनवर हात टेकवला आणि मान वळवून विचारलं, "ती कुठे आहे?"

मी सांगितलं. बाईंनी पिशवीतून घराण्याची हकीकत लिहायची वही काढून माझ्यापुढे ठेवली. "तिचं पूर्ण नाव लिही. तिच्या लिपीत."

मी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. वही परत देणार, तोच लक्षात आलं की या नावाच्या बायका कोल्हापुरात पेठेपेठेला असतील. म्हणून मी पुढे कंस केला आणि लिहिलं: कॅटलॉगर, कोल्हापूर आणि मॉरिसव्हिल. कंस पुरा करताना मला रडू आवरलं नाही.