जुन्या पत्त्यावर आलेली नोंदणी

नर्सिंगचं शिक्षण मी छत्तीसगडमध्ये घेतलं. काहून म्हणाल, तर तिकडं माझी मावशी राहायची आणि तिच्या घरापासून दहा मिनिटांवर नर्सिंगची शाळा होती. "पोरीले परक्याच्या दारात ठेवाची नाही," हा आमच्या घरचा कायदा. मावशी काही परकी नाही, म्हणून सुटले. तीन वर्षं तिच्या हातचा भात खाल्ला, तिच्या पोरींच्या वेण्या घातल्या आणि पास झाले. तिथल्या परिषदेत नाव चढलं. आता आपण पक्की सिस्टर, अशा तोऱ्यात पेटी घेऊन गावाकडं आले, तर इथं कळलं की मी सिस्टर आहे ती फक्त छत्तीसगडात. डोंगरगड मागं पडलं, गाडीनं हद्द ओलांडली, की मी कोणीच नाही.

घ्या! ज्या जिल्ह्यात जन्मले, जिथं मला मराठी शाळेत पाढे चुकल्याबद्दल छड्या बसल्या, तिथं मी परराज्यातली. महाराष्ट्राची नोंदणी झाल्याशिवाय कोणाला सुई टोचायची नाही. नियम बरोबरच होता, पण मला त्याचा राग यायचा तो आलाच.

भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात मला काम मिळत होतं. तिथल्या मॅट्रन मॅडमनी माझी परीक्षा घेतली, पट्टी बांधायला लावली, मग म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पण महाराष्ट्राची नोंदणी हातात घेऊन ये. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत मी थांबते. तोवर आली नाहीस तर दुसरी मुलगी घेईन. ती तयारच आहे."

ती दुसरी मुलगी बाहेरच्या बाकावरच बसली होती. माझ्याकडं पाहून गोड हसलीसुद्धा. मला तिचे दात अजून आठवतात.

मग सुरू झाली कागदांची वरात. छत्तीसगडच्या परिषदेचं ना-हरकत पत्र, मार्कलिस्टा, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो. सगळं जमवून मुंबईच्या परिषदेला पाठवायचं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं शाईत पाय बुडवून चालावं तसं. बाबांचं अक्षर मात्र छापल्यासारखं. आमच्या घरचे, शेजारचे, अर्ध्या गावाचे अर्ज तेच भरायचे. माझाही त्यांनीच भरला. मी खाली सही केली आणि वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. तीन वर्षं औषधाची चिठ्ठी दोनदा वाचायला शिकलेली मी, स्वतःचा अर्ज एकदाही वाचला नाही.

दिवाळी झाली. शुक्रवार उजाडला तरी पत्राचा पत्ता नाही. मी बूथवर जाऊन मुंबईला फोन लावला. तिकडच्या बाईंनी नंबर विचारला, शांतपणे रजिस्टर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची नोंदणी झाली आहे. प्रमाणपत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलंय, चार दिवस झाले." मी तिथंच उडी मारणार होते. मग त्यांनी पत्ता वाचून दाखवला आणि शेवटी विचारलं, "आखराच्या बाजूला. बरोबर ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आखर म्हणजे सकाळी गावची गुरं गोळा होतात ती मोकळी जागा. आखर होतं आमच्या जुन्या गावाचं. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वीच नव्या वसाहतीत राहायला आलो होतो. छपराची कवेलू, लाकडी फाटे, दारं, खिडक्या, सगळं बैलबंडीत घालून आणलं होतं. जुन्या गावात उठायला तयार नसलेली सात-आठ घरं तेवढी उरली होती. आणि बाबांनी माझ्या नोंदणीच्या अर्जावर बिनछपराच्या घराचा पत्ता लिहिला होता!

घरी आले तर बाबा नव्हते.

"कुठं गेले?" मी मायला विचारलं.

"गेला असन वावरात. रोज दहाले डबा घेऊन सायकलनं जाते. मले काय सांगून जाते तो?"

"त्यायनं जुना पत्ता काहून लिहिला?"

माय तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "राशनकार्डावर तोच आहे, मतदानावर तोच आहे. पत्ता बदलला का धरणाच्या मोबदल्याची फाईल बंद होते, असं कोणी तरी त्याच्या डोक्यात घातलं. तू कायले एवढी तापून राहिली?"

"कायले? माय, सोमवारी मले हजर व्हायचं आहे! हातातोंडाशी आलेला घास जाऊन राहिला माहा!"

ती पुढं काही म्हणाली ते ऐकायला मी थांबले नाही. काळीपिवळीत बसून कोंढ्याला उतरले; जुन्या गावाचं टपाल तिथूनच जायचं. डाकघरात विचारलं. खिडकीमागच्या माणसानं वही उलटली. "आहे की. आजच्याच थैलीत गेलं. सायकल निघून अर्धा तास झाला."

"आणि घरी कोणी नसलं तर?"

"राहतं कुठं कोणी तिथं? 'सोडून गेले' असा शेरा मारेल आणि पाकीट मुंबईला परत."

मुंबईला परत, तिथून पुन्हा इकडं, म्हणजे पंधरा दिवस गेले. तोपर्यंत बाकावरची ती मुलगी माझा ड्रेस घालून सलाईन लावत फिरणार. मी निघाले. थोडं एका ट्रॅक्टरवर बसून, पुढं पायी, आणि शेवटी चक्क पळत. कापणीला आलेल्या धानाच्या बांधावरून चप्पल हातात घेऊन पळत होते आणि बाबांना काय काय बोलायचं ते तोंडानं पाठ करत होते. सुरुवात "तुमच्या अक्षराले आग लागो" इथून होती. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

गावात शिरले. गल्ली ओळखू येईना. दारं नसलेल्या भिंती, मधे उगवलेला तरोटा, आणि आमच्या घराच्या भिंतीला टेकवलेली खाकी थैलीची सायकल. आतून धूर येत होता. छप्परच नाही, तर धूर सरळ वर चाललेला.

पाहते तर काय, जिथं आमचं स्वयंपाकघर होतं तिथं तीन विटांची चूल पेटलेली. तिच्यावर गंजात चहा उकळत होता. पोस्टमन काका ओट्यावर बसून कपात चहा पीत होते आणि बाबा त्यांच्यासमोर उभे राहून भांडत होते.

"अहो भाऊ, समजून घ्या न," पोस्टमन म्हणत होते, "घराले छप्पर नाही, दार नाही. इथं कोणी राहते असं मी कसं लिहू?"

"मी कोण हावो मंग? भूत हाय का? चूल पेटली हाय, चहा उकळून राहिला, तुमी तो पिऊन राहिले. अन् म्हणता इथं कोणी राहात नाही!"

"बरं, तुमी राहता. पण नाव पोरीचं आहे. पोरगी कुठं आहे?"

"येईन न! पोरगी घरी नाही येईन तं कुठं जाईन?"

"हे पाहा आली," मी म्हणाले. चप्पल हातातच होती.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पोस्टमन काका मात्र खूश झाले. "पोरी, आलीस ते बरं झालं. तुझ्या बाबांनी माझा जीव खाल्ला. मी गावात टपाल घेऊन येतो तर हे रोज इथं. पंधरा-वीस दिवस झाले. रोज विचारतात, आलं का? म्हटलं, आलं तर तुमच्या वसाहतीच्या पोस्टात पाठवायची खटपट करू. तर म्हणतात, नाही, घरी द्या."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच तोंडातून निघालं, "मले सांगतलं काहून नाही?"

"तुले सांगतलं असतं तं तू घर डोक्यावर घेतलं असतं," बाबा म्हणाले. "अर्ज टाकून आलो अन् मंग ध्यानात आलं, टपाल इथं येईन. घरी कोणी नसन तं वापस जाईन. म्हणून येत होतो. तुही सोमवारची तारीख मले मालूम नाही का?"

वीस दिवस. ऑक्टोबरच्या उन्हात, सावलीला एक फाटाही नसलेल्या घरात, हा माणूस माझ्या पाकिटाची वाट पाहत बसला होता. आणि मी त्यांच्या अक्षराला आग लावत आले होते. मला त्यांची इतकी माया आली की रडू आवरेना. मग रडायचा राग आला, म्हणून मी पोस्टमन काकांवर ओरडले, "आणा तो कागद, कुठं सही करू?"

सही केली. पाकीट फोडलं. माझं नाव, फोटो, नोंदणी क्रमांक, शिक्का. बाबांनी हात धोतराला पुसून कागद दोन्ही हातांत धरला आणि खालचा पत्ता मोठ्यानं वाचला. त्यात आपल्या गावाचं नाव बरोबर छापलंय म्हणून ते जास्त खूश होते, की पोरगी महाराष्ट्राची नर्स झाली म्हणून, हे मला आजपर्यंत कळलं नाही. पोस्टमन काकांनी आणखी एक कप चहा मागितला. येताना बाबांच्या सायकलवर मागं बसून मी त्यांना सांगितलं, की पत्ता बदलल्यानं फाईल बंद होत नाही, मी तहसिलीत विचारून येईन. ते म्हणाले, "हो हो, विचार." पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की फाईलचं नुसतं निमित्त होतं; तो पत्ताच त्यांना सोडवत नव्हता.

सोमवारी मी वेळेच्या आधीच दवाखान्यात हजर. मॅट्रन मॅडमनी कागद खालून वर, वरून खाली पाहिला, आणि पांढरा ड्रेस काढून दिला. मग रुजू होण्याचा अर्ज पुढं केला. मी लिहिणार तर माझं अक्षर पाहून म्हणाल्या, "राहू दे, मीच लिहिते. पत्ता सांग. नेमणुकीचं पत्र पोस्टानं घरी जाईल."

वसाहतीचा प्लॉट नंबर जिभेवर आला होता. पण मी सांगितलं जुनं गाव, आखराच्या बाजूला.

त्यांनी पेन थांबवलं. "हे धरणातलं गाव ना? तिथं पत्र घेणारं कोणी आहे का?"

"आहे मॅडम," मी म्हणाले. "बाबा घरीच असतात."