जोडीची शर्यत

मन्नाएखेळ्ळी गावच्या लिंगाप्पाची दोन्ही पोरं पुण्यात सायकलीच्या दुकानात कामाला होती. थोरला मल्लिकार्जुन अठ्ठ्याण्णव साली गेला आणि जम बसल्यावर धाकट्या सुनीलकुमारला त्यानं बोलावून घेतलं. गिअरच्या सायकली जोडायच्या आणि सुट्टीच्या दिवशी त्याच घेऊन घाट चढायचे, हा त्यांचा नाद. मल्लिकार्जुनला दम होता, पण सुनील वेगळाच निघाला. चढ लागला की बाकीच्यांची बोलती बंद व्हायची आणि हा गाणं म्हणायचा.

२०१० साली सह्याद्रीतून तीन दिवसांची डोंगरी सायकल शर्यत निघाली. जोडीजोडीनं पळायची. वाटेतली प्रत्येक तपासणी चौकी दोघांनी सोबतच ओलांडायची. एक मागं राहिला की दोघंही बाद. बंगळूरच्या एका सायकल संघाच्या माणसानं सुनीलला सांगून ठेवलं होतं, पहिल्या पाचांत ये, तुला पगारावर घेतो.

दुसऱ्या दिवशी जंगलातल्या उतारावर मल्लिकार्जुनचं पुढचं चाक दगडावरून सटकलं. तो गुडघ्यावर आपटला. पुढं गेलेला सुनील वळणावर वाट बघत उभा होता.

"अण्णा, कामून थांबलास?"

"काय न्हाई. चेन उतरली व्हती."

मुक्कामावर डॉक्टर होते. गुडघा दाखवला तर ते उद्या सोडणार नाहीत आणि आपल्यापायी सुनीलही बसून राहील, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं लांब पँट चढवली आणि सगळ्यांत बसून हसत जेवला.

तिसऱ्या दिवशी ते चौथे होते. शेवटच्या घाटात पाय वाकेनासा झाला. मल्लिकार्जुन उतरला, सायकल ढकलू लागला, मग तेही जमेना. मागच्या जोड्या एकेक करून पुढं निघून गेल्या. सुनील खाली आला आणि न विचारता पँट वर सारून बघितली. गुडघा काळानिळा, टम्म फुगलेला.

"काल सांगितलं असतंस तर?"

"काल थांबावं लागलं असतं."

"मग आता काय करायलोय आपण?"

"तू जा पुढं."

"एकट्याला कोण मोजतंय, अण्णा?"

सुनीलनं त्याला सायकलीवर बसवलं आणि ढकलत घाट चढला. गाणं नाही, शिवी नाही. ते पोचले तेव्हा शर्यत संपते तिथल्या कमानीचं कापड उतरवून घड्या घालणं चाललं होतं. बंगळूरचा माणूस निघून गेला होता.

ऑपरेशन झालं, पण गुडघा पुरता वाकलाच नाही. मल्लिकार्जुन गावी परतला आणि हायवेला पंक्चरचं दुकान टाकून बसला. सुनील बंगळूरला गेला, कुरिअरच्या गोदामात. सायकल त्यानं सोडली. भावानं एकदा तरी भांडावं असं मल्लिकार्जुनला वाटायचं. भांडला असता तर आपल्याला सांगता आलं असतं, तुझ्यासाठीच लपवलं रे. पण तेही अर्धंच खरं होतं. त्याला स्वतःलाही ती शर्यत हवी होती, जन्मात एकदा तरी.

सुनीलचा फोन यायचा तो लिंगाप्पाला. २०१२ च्या दसऱ्याला म्हाताऱ्यानं दुकानात येऊन फोन थोरल्याच्या कानाला लावला. "बोल की. भाऊच हाय न्हवं?"

"गुडघा कसाय?" सुनीलनं विचारलं.

"बराय. तू येणार हाईस का सणाला?"

पलीकडं कुणीतरी खोकी आपटत होतं.

"सुट्टी न्हाई," सुनील म्हणाला. "अप्पाला दे."

मल्लिकार्जुननं फोन बापाच्या हातात दिला आणि ट्रकवाला हाका मारत होता तिकडं लंगडत गेला.