अंगातला नाच

"मोजून पडा गं! पडायलाही अक्कल लागते!"

आमच्या ताई म्हणजे अशा. नाचात पडणं हीच खरी कला, हे त्यांचं ठाम मत. उभी माणसं काय, एसटी स्टँडवरही दिसतात, म्हणायच्या. पाचाला गुडघा सैल सोडायचा, सहाला जमीन. मी त्यांचा साउंडवाला. मुली चुकल्या तरी शिव्या मलाच.

लोणावळ्यात चिक्की घेताना मागच्या गल्लीतून कधी धपाधप आवाज ऐकले असतील, तर ती आमची तालीम. ताई म्हणजे शिक्षकाच्या घरातली मुलगी; परदेशापर्यंत नाचून आली, गुडघा गेला तशी परतली आणि चिक्कीच्या बंद गोदामात तिनं स्वतःची नाचाची कंपनी काढली. जमिनीत गूळ असा मुरलेला की मुलींचे तळवे चिकटायचे, आणि मुंग्यांचं तर विचारूच नका. ताई आता नाच बसवायच्या, नाचायच्या नाहीत. मुली नाचताना त्यांचे पाय खुर्चीखाली आपोआप हलायचे. वाईट वाटायचं हो बघून.

एकच गोष्ट त्यांना खपायची नाही. कुणी कौतुकानं म्हणालं, "नाच तुमच्या अंगातच आहे," की भडकल्याच. "अंगात देवी येते. नाच शिकावा लागतो. माझा नाच माझ्या मेहनतीचा आहे."

आंदर मावळात एका शाळेच्या पटांगणावर आमचा कार्यक्रम होता. ऐन वेळी एका मुलीचा पाय मुरगळला आणि तिच्या जागी ताई स्वतः उतरल्या. बापरे, काय नाचल्या! मी बटणं विसरून बघत राहिलो. तोंडानं आकडे मोजत पाचाला त्यांनी गुडघा सोडला, जमिनीवर आल्या, आणि गर्दीतून एक म्हातारी हळदकुंकवाचं ताट घेऊन थेट मंचावर चढली. ताईंच्या कपाळाला कुंकू लावलं, हात जोडले.

"आये, माजा ल्योक रुसून गेला. कुटं हाय गं त्यो?"

"पाण्यापाशी हाय त्यो. जित्ता हाय," ताई म्हणाल्या, आणि पुढचा नाच चालू.

परतताना गाडीत मी त्या उत्तराबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "वेडा आहेस का? मी 'सहा' म्हणाले."

त्यांच्या कॉलरला माइक होता. मी रेकॉर्डिंग लावलं. पाच, मग म्हातारीचा प्रश्न, आणि सहाच्या जागी ते वाक्य. आवाज ताईंचाच. पण 'हाय' आणि 'त्यो' हे शब्द ताई जन्मात कधी बोलल्या नव्हत्या.

ताईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळूच म्हणाल्या, "मग इतकी वर्षं कोण नाचत होतं रे?"

पुढच्या आठवड्यात म्हातारी पोराला घेऊनच गोदामात आली. पवना धरणाच्या काठी तंबू लावायच्या कामाला होता तो. तिनं नारळ ठेवला. तेव्हापासून मंगळवारी, शुक्रवारी देवीला प्रश्न विचारायला दाराशी बायका बसायला लागल्या. ताईंनी हात उचलून एखादी हालचाल दाखवणंही बंद केलं. जेवणखाण सुटलं. रात्रभर जागीच असायच्या.

शेवटी त्यांनीच म्हातारीला बोलावून घेतलं. "मावशी, मी नाचते. तुम्ही नीट बघा. ती आली तर मला सांगा."

मला म्हणाल्या, गाणं नको, नुसतं मोज. मी मोजायला लागलो. खरं सांगतो, नाच चांगला नव्हता. गुडघा अडकत होता, दम लागत होता, सहाला त्या अशा आपटल्या की माझाच जीव कळवळला. पण मी मोजत राहिलो.

"आली होती?" ताईंनी जमिनीवरूनच विचारलं.

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "आज तूच नाचलीस, बाई. समदी तूच."

ताईंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

"ती तितं बसून बघत व्हती," म्हातारीनं ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. मला तिथून पळावंसं वाटत होतं. ताई मात्र तशाच बसून, भीत भीत, पहिल्या परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "आवडलं का तिला?"

म्हातारी खुर्चीकडे बघत राहिली. "लय," म्हणाली.

ताई ढसाढसा रडल्या.

त्या जाऊन आता दोन वर्षं होतील. कंपनी आता नाचणाऱ्या मुलींतली थोरली बघते. ताईंची खुर्ची अजून तिथंच आहे, पण तालीम ती उभ्यानंच घेते.