ज्वारीतलं वाळवंट

खजुराचा गोड वास आला, की मी मोताळ्याच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. फौजेतले काका संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून वर्षभर इजिप्तच्या वाळवंटात पहारा करून, खजुराची पिशवी घेऊन परतले होते. काकू रुसल्या होत्या.

“वाळूबिगर तिथं होतं तरी काय, का घराची याद नाही आली?”

काका अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीपाशी बसले आणि हातांनी तिच्या टेकड्या रचू लागले.

“हे पाह्य, सांजच्याले ह्या टेकड्या तुया लुगड्यावानी लाल होतात. इथं खजुराच्या झाडाखाली गोड पाण्याचा झरा. आन् इथं वाळू सरते, तिथं निळाशार समुद्र.”

“वाळवंटाले समुद्र?” काकू जवळ सरकल्या.

“हाव. रोज वाटे, तू पाह्यजे होती.”

तेव्हा मला फक्त तो देश सुंदर वाटला होता. आता कळतं, काका त्या उजाड मुलखात जे जे पाहत होते, ते काकूंना सांगायचं म्हणून पाहत होते.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत काकूंनी ती ज्वारी कुणाला पोत्यात भरू दिली नाही.