डिकीतलं झाकण

मास्तर, माझ्या कुकरचं झाकण अजून तुमच्या स्कूटरच्या डिकीत आहे, म्हणून हे पत्र. तुमची गोष्ट तुम्हालाच सांगायला गेलं तर तुम्ही मधेच तोंड घालाल; तेव्हा तुम्ही गप्प ऐका, मी चार लोकांना सांगते.

मास्तर मोटार चालवायला शिकवत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि त्यांचा पाय त्यावरून कधी हलला नाही. शिकणाऱ्यानं जरा वेग घेतला की गाडी जागच्या जागी उभी. वर ऐकवणार, "रस्ता कुठं पळून जात नाही, तुम्ही कशाला पळता?"

संध्याकाळी मोटारीला कुलूप लागलं की हेच मास्तर स्कूटरवर बसत आणि अंगात वारं शिरल्यासारखे सुटत. बायकोनं हटकलं तर म्हणत, तिथं हात दुसऱ्याचे असतात, इथं माझे आहेत. मग बाजार किती झटक्यात गाठला हे चहा गार होईपर्यंत सांगत बसत. वाचवलेला सगळा वेळ तो कसा वाचवला हे सांगण्यातच जाई.

अशा वेगवान माणसाकडे मी, त्यांच्या शेजारणीनं, दुरुस्तीला टाकायला झाकण दिलं. पण भांडी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान वळणाच्या तोंडाशी; मास्तरांना ते दिसेपर्यंत मागे पडलेलं असे. आजही पुढं निघून गेलो काकू, म्हणून हसत. मागे फिरणं त्यांच्या शानीत बसत नसे.

त्यांची मुलगी मोटार शिकली ती त्यांच्याच हाताखाली. लायसन्सच्या परीक्षेच्या सकाळी मास्तर आदल्या दिवशीचा पराक्रम सांगत बसले आणि उशीर झाला. ती म्हणाली, होऊ दे, सावकाश जाऊ. स्कूटरवर मागे बसताना तिनं हेल्मेट घातलं. मास्तरांनी आपलं कोपराला अडकवलं, म्हणजे कोपराची तरी काळजी मिटली.

वळणावर वाळू सांडली होती आणि वाळूला मास्तरांच्या हातांची ओळख नव्हती. स्कूटर आडवी झाली, दोघं फरपटत गेली. डिकी उघडून माझं झाकण गरगरत थेट दुरुस्तीवाल्याच्या पायरीशी जाऊन थांबलं. मास्तरांना इतके महिने जे जमलं नाही ते झाकणानं एकट्यानं केलं. पण दुकानदार धावला मुलीला उचलायला, आणि नंतर कुणीतरी झाकण पुन्हा डिकीत टाकलं.

मास्तरांना नुसतं खरचटलं. मुलीचा उजवा हात मोडला. दवाखान्यात मास्तर वाळू सांडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

प्लास्टर चढल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, रस्ता पळून चालला होता का?"



हात जुळला, परीक्षाही पास झाली, पण बापाच्या मागे ती बसेना. मास्तरांनी हेल्मेटचा पट्टा करकचून आवळला, सायकलवाले घंटी वाजवत पुढे जातील इतकी हळू स्कूटर चालवून दाखवली. ती आपली कडेनं पायीच. घरात बोलणंही कामापुरतं.

शेवटी परवा मास्तरही उतरले. डिकीत झाकण, शेजारी मुलगी, आणि मास्तर हातानं स्कूटर ढकलताहेत. पेट्रोल संपलं की अक्कल, असं कुणीतरी ओट्यावरून विचारलंसुद्धा. ऐकलं त्यांनी. पण मुलगी पुष्कळ दिवसांनी काहीबाही सांगत होती, आणि स्कूटर चालू केली असती तर तिचं बोलणं मागे राहिलं असतं. म्हणून ते ढकलत राहिले, उलट चढावर जरा रेंगाळलेच.

वळणाशी पोचेपर्यंत दुरुस्तीचं दुकान बंद झालं होतं.